दिराच्या कुशीवरच्या चार खुणा

माझा धाकटा दीर रियाधला नोकरीला होता. २००६ च्या मे महिन्यात तो रत्नागिरीला घरी आला, तेव्हा त्याच्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले होते. अन्ननलिकेच्या भिंतीत पाण्याने भरलेली एक गाठ होती. साधी, कॅन्सरची नव्हे. ती तिथल्या डॉक्टरांनी रोबोटच्या हातांनी काढली. उजव्या कुशीवर, बरगड्यांच्या मधून, चार लहान भोकं पाडून.

आल्या दिवसापासून शेजारीपाजारी बघायला येत. पडवीत बसून तो बनियन वर करी आणि खुणा दाखवी.

“मग डॉक्टर कुठं होता?” शेजारच्या काकांनी विचारलं.

“त्याच खोलीत. कोपऱ्यात बसून, यंत्रात डोळे घालून हात चालवत होता.”

“कोपऱ्यात बसून पगार घेतो. म्हंजे आमच्या तलाठ्यासारखा.”

सगळे हसले. मीही हसले. पण मला त्या खुणांचा हेवा वाटत होता.

माझ्या यजमानांना, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाला, हीच गाठ होती. दोघा सख्ख्या भावांना ती का व्हावी, हे कुणालाच सांगता आलं नाही. १९९८ साली मुंबईत त्यांची छाती उघडली. पाठीच्या फऱ्याखालून वळून पुढे छातीपर्यंत टाके. गाठ नीट निघाली. पण दुखण्यामुळे त्यांना खोल श्वास घेववेना, खोकवेना. न्यूमोनिया झाला आणि नवव्या दिवशी ते गेले.

जाऊ दिराच्या खुणांवर बोटाच्या टोकाने मलम लावायला बसली, की मी स्वयंपाकघरात जात असे.

घरात इंग्रजी वाचणारी मीच. दवाखान्याचे कागद मीच वाचून सगळ्यांना मराठीत सांगितले. सहा आठवडे मऊ अन्न, नीट चावून. कोरडा मोठा घास गिळायचा नाही. सांगितलं मी सगळं. पण आकाशवाणीवर बातम्या वाचाव्यात तसं सांगितलं, कुणाच्या ध्यानात राहावं अशा रीतीने नाही.

चौथ्या दिवशी दुपारी बांगड्याचं सार होतं. जेवता जेवता दीर थांबला. छातीवर हात ठेवून म्हणाला, “अडकलं काहीतरी.”

“काटा असंल,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी कोरडा भात घेऊन लिंबाएवढा गोळा वळला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. “चावू नको. एकदम गिळ.”

घशात काटा अडकला की आमच्याकडे हेच करतात. यजमानांना वर्षभर घास अडकल्यासारखा वाटायचा, तेव्हा आम्ही सगळे काटाच म्हणत होतो. ते गोळ्यामागून गोळे गिळत राहिले. त्यातले निम्मे मी वळले होते. डॉक्टरकडे जाईपर्यंत गाठ वाढून बसली होती.

दिराच्या हातातला गोळा मला दिसत होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही. गिळू दे, असं माझ्या मनात आलं. एकट्या आपल्याच माणसाने का सोसावं? जाऊ वाट्यांत सोलकढी ओतत होती, तिचं लक्ष नव्हतं. दिराचा हात तोंडापाशी गेला.

“भावोजी, गिळू नका,” मी म्हणाले.

“का? माझ्या हातचा गोळा विषारी हाय?” सासूबाई म्हणाल्या.

“कागदात लिहिलंय. आतले टाके अजून कच्चे आहेत. भावोजी, पाणी घ्या, घोट घोट.”

त्याने गोळा ताटात ठेवला. पाणी प्यायला, जरा वेळ ताठ बसला, आणि घास खाली उतरला.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. “एवढं ठाऊक होतं, तर थोरल्याला का गो गिळू दिलंस?”

“आई, असं काय बोलता?” जाऊ म्हणाली.

“तेव्हा ठाऊक नव्हतं,” मी म्हणाले.

ते खरं होतं. आज ठाऊक असून हात तोंडापाशी जाईपर्यंत गप्प बसले, त्याबद्दल कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून येईल त्याला जाऊ सांगू लागली, “जाऊबाई जवळ होत्या म्हणून निभावलं.” बोलताना ती माझा हात धरत असे. मी तो सोडवून घेतला नाही, आणि तिला खरं काय तेही सांगितलं नाही.