मोळभर गजरा

बनशंकरीच्या देवळाबाहेर एक बाई गजरे विकते. नाव मला माहीत नाही. निपाणीकडची असावी, माझ्याशी मराठीत बोलते. इथे गजरा हातानं मापतात; कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ. ती फुलं बोटांपर्यंत ताणून धरते आणि गिऱ्हाइकानं बघेपर्यंत तशीच थांबते. गिऱ्हाईक बहुधा मोबाइलमध्ये असतं.

मीही असायची. एका शुक्रवारी मान वर केली तेव्हा ती हात ताणून माझ्याकडेच बघत होती. कधीपासून तशी थांबली होती कोण जाणे.

"द्या की, मोजलंय ना तुम्ही," मी म्हटलं.

"मी एकटीनं मोजून काय उपयोग, अक्का? तुम्ही बघितल्याशिवाय माप होत नाही. स्वल्प, थोडं इकडं बघा."

मी मोबाइल पिशवीत टाकला. तिनं पुन्हा कोपरापासून सुरुवात केली. माप भरलं, तरी ती थांबली नाही. चार बोटं पुढे सरकली आणि मग दोरा तोडला.

"आज जास्त दिलंत?"

"दर वेळी देते की," असं म्हणून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

दोन वर्षं मी तिच्याकडूनच गजरा घेत होते.