चार्टवरची माझी वाक्यं

दहावीतल्या माझ्या मुलीला मी एका रविवारी दुपारी सिमिली आणि मेटाफर उलटे शिकवले. 'सारखा' आला की मेटाफर, आणि सरळ 'तो वाघच' म्हटलं की सिमिली, असं अगदी ठामपणे, टेबलावर बोट आपटून. तिनं पुस्तक माझ्याकडे फिरवलं. मी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"बाबा, उलटं सांगितलंत."

"आमच्या वेळी असंच होतं," मी म्हणालो. जसं काही मधल्या वर्षांत सरकारनं अलंकार बदलले होते.

परीक्षेआधीची उजळणी म्हणून टीचरनं प्रत्येकाला एक चार्ट करायला सांगितला होता. इंग्रजीतले अलंकार आणि प्रत्येकाची दोन उदाहरणं, पण पुस्तकातली नकोत. उदाहरणं सुचेनात म्हणून तर ती माझ्याकडे आली होती. गेलेली अब्रू सावरायला मी म्हटलं, "घरात कान उघडे ठेव गो. आपण रोज बोलतो त्यात सगळे अलंकार असतात. तेच इंग्रजीत लिही, झालं."

सल्ला चांगला होता. तिनं तो मानलासुद्धा.

आता सांगायला हवं की आमच्या घराण्यात किस्से सांगणारा मीच. चतुर्थीला मुळगावच्या घरी सगळे जमले की जेवण झाल्यावर चुलते म्हणतात, "हां, कर सुरू." मी खाणीवर वजनकाट्यावर कारकून होतो, ट्रक मोजायचो. खाण बंद पडली तशी मोप्याला विमानतळावर लागलो. सांगण्यासारखं खूप आहे. पण लोक पोट धरून हसतात ते बायकोवरच्या गोष्टींना. ती वाढत असते आणि तीही हसते. निदान मी तसं धरून चाललो होतो.

पालकसभेला ती कधी यायची नाही. दोडामार्गाकडच्या खेड्यात तिची शाळा सातवीला सुटली, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कुणी नव्हतं म्हणून. सभेत सगळं इंग्रजीत चालतं, मी काय करू, असं म्हणायची. या वेळी मात्र लेकीचा चार्ट वर्गात लावलाय असं कळलं आणि ती चतुर्थीला घेतलेली साडी नेसून तयार झाली.

वर्गाच्या भिंतीवर तीसेक चार्ट होते. आमचा मधोमध. कडेनं फुलं काढलेली, वर ठळक इंग्रजी अक्षरांत 'आमच्या घरातले अलंकार'. आणि खाली, इंग्रजीतच, मी होतो.

सिमिली: तुझी आई तयार व्हायला लागली की बंद खाणीसारखी, सुरू कधी होणार ते मंत्र्यालाही ठाऊक नाही. मेटाफर: तुझी आई म्हणजे डिचोलीचा आठवड्याचा बाजार. हायपरबोली: हिनं आमटीत मीठ घातलं की मोरजीच्या समुद्राला कमी पडतं. पर्सोनिफिकेशन: हिची चपाती बघून तवा रडतो. आणि शेवटी आयरनी: वा, केवढी हुशार, दोडामार्गाहून शिकून आलीय ना!

एकूण दहा वाक्यं. नऊ बायकोवर, एक शेजाऱ्याच्या कुत्र्यावर. प्रत्येकाखाली बारीक अक्षरांत 'बाबा'.

चतुर्थीला ह्याच वाक्यांवर घर डोक्यावर घेतलं होतं लोकांनी. इथं भिंतीवर, एकाखाली एक, ती वाचताना मला हसण्यासारखं काही सापडेना. शेवटचं वाक्य मी कधी बोललो तेही आठवलं. सगळे नातेवाईक पानावर बसले होते आणि ती भात वाढत होती.

"ह्या सगळ्याखाली काय लिवलांहा?" बायकोनं विचारलं.

"बाबा," मी म्हणालो.

"म्हणजे सगळी तुमचीच वाक्यां? वाचा बघू."

बाजूला चार-पाच पालक उभे होते. मुलगी माझ्या कोपराशी. मी घसा साफ केला आणि वाचलं, "तुझी आई हसते तेव्हा... गणपतीवर फळापानांची माटोळी बांधल्यावर घर दिसतं तशी दिसते."

"आणि ह्यां?"

"आई म्हणजे घरातला दिवा."

एकदा सुरुवात केल्यावर थांबता येईना. दहाच्या दहा वाक्यं मी बोट फिरवत वाचली, कुत्र्याच्या वाक्यातूनसुद्धा बायकोचे हात मऊ निघाले. पलीकडे एक बाई तोच चार्ट वाचत होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि खिडकीकडे वळली. बायकोनं साडीची निरी उगाच सारखी केली. "ती माटोळीची परत वाचा," म्हणाली. मी परत वाचली. जमिनीत जावंसं वाटणं ही हायपरबोली आहे हे मला आता पक्कं ठाऊक आहे, पण त्या वेळी अगदी साधं वर्णन वाटलं.

"बरां लिवलंस गो," तिनं लेकीला म्हटलं. लेक माझ्याकडे बघत होती. मग फरशीकडे बघायला लागली.

बसमध्ये मुलगी आमच्याजवळ बसली नाही. घरी आल्यावर दप्तर ठेवता ठेवता मला एवढंच म्हणाली, "सोमवारी मी तो चार्ट काढून आणते. चूक माझीच झाली." आणि आत जाऊन दार लोटलं.

चूक तिची. मी ओसरीवर बसून राहिलो. बायको अंगणात ऊन दाखवायला पसरलेली कोकमाची सोलं सुपात गोळा करत होती. मी तिच्याजवळ गेलो आणि तिथं खरं काय लिहिलं होतं ते सांगायला लागलो. बंद खाण सांगितली, बाजार सांगितला, मीठ सांगितलं. दोडामार्गाचं सांगताना आवाज इतका बारीक झाला की तिला वाकून ऐकावं लागलं. ती सोलं गोळा करत राहिली. सूप भरलं तेव्हा उभी राहिली.

"माका थंयच कळलां," ती म्हणाली. "इतक्या वर्सांत तुमच्या तोंडातसून माटोळी कधी आयकूक नाय मी. चार माणसां बघत होती, म्हणान गप ऱ्हवलंय. आता हंय माझ्याकडे काय उभे ऱ्हवतास? आत जावा आणि पोरीक सांगा, तिना लिवलां तां सगळां खरां म्हणान."