हेल्मेटमधली कोळंबी

मंडळी, आज माझं लायसन्स जाता जाता राहिलं, आणि चूक सगळी माझीच!

सकाळी माहेराहून, म्हणजे चिंचणीहून, स्कूटीवर बोईसरला निघाले. किनाऱ्यावर काकीची होडी नुकतीच लागली होती. आमच्यात होडी आली की घरच्या माणसाला वाटा दिल्याशिवाय सोडत नाहीत. पण माझ्याकडे पिशवीच नव्हती.

काकी म्हणाली, "मंग ही टोपी कशाला हाय?" आणि माझ्या हेल्मेटमध्ये कोळंबी ओतून मोकळी झाली.

नाक्यावर हवालदारांनी अडवलं. "ताई, हेल्मेट?"

"आहे ना साहेब!" मी रुबाबात पायाजवळचं हेल्मेट उचलून दाखवलं. त्यांनी आत डोकावलं, तर कोळंबी अजून वळवळत होती.

ते पोट धरून हसले, पण फोटो काढलाच. "चलन तर होणारच. लायसन्ससुद्धा तीन महिने निलंबित होऊ शकतं, माहीत आहे?"

माझं हसू तिथेच संपलं. मी स्कूटीवरून घरोघरी रक्ताचे नमुने गोळा करते. लायसन्स गेलं तर कामच गेलं. निमूट चूक कबूल केली आणि या वेळी चलनावर निभावलं. कोळंबी डिकीत गेली, ओलं हेल्मेट माझ्या डोक्यावर. बोईसरपर्यंत श्वास रोखून आले!

चलनाच्या फोटोत कोळंबी हेल्मेटमध्ये सुखरूप आहे आणि माझं डोकं उघडं. हा वास कशाने जाईल, कुणी सांगेल का?

काकीला फोन केला, तर म्हणते, "मंग पुढच्या वेलेला दोन टोप्या आण."