शेजाऱ्याचा पंप

आमचा मळा लातूरकडे आहे. तिथल्या द्राक्षांची पांढरी वाईन आम्ही घरीच करतो. उन्हं चढायच्या आत घड तोडायचे, त्याच दिवशी रस काढायचा. रासायनिक औषधाचा थेंबही बागेत येऊ द्यायचा नाही, म्हणून माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, नियम कडक होता: दुसऱ्याचा फवारणी पंप आपला बांध ओलांडणार नाही. कीड मारायला दहा झाडांच्या पाल्याचा दशपर्णी अर्क उकळणं, गाळणं, फवारणं ही कामं माझी. बारा वर्षं माझ्या अंगाला त्याचा वास होता.

पहिली बाटली बाजारात आली तेव्हा दादानं नांदेडला हॉटेलात कार्यक्रम ठेवला. बाटलीवर नाव दादाचं आणि त्याच्या पोराचं. मी खोकी उचलत होतो. एका पाहुण्यानं विचारलं, "हे कोण?"

दादा हसत म्हणाला, "हा व्हय? फवारणीला असतो आमच्याकडं."

फवारणीला. बरं. मग फवारणीच दाखवतो, असं मी मनात म्हटलं.

पुढच्या हंगामात, घड भरत आले असताना, शेजारच्या चाचाकडून पंप मागून आणला. त्याची द्राक्षं वाईनची नव्हेत, खाण्याची; त्यांच्यावर बुरशीचं रासायनिक औषध मारायचा तो. "धुवून घे रे बाबा, कालच मारलंय," चाचा म्हणाला. मी धुतला नाही. उलट तळाशी उरलेलं औषध हलवून त्यावरच अर्क ओतला आणि भरदुपारी सगळ्यांदेखत चार ओळी फवारल्या. कोण विचारणार? फवारणीला असतो ना मी.

तपासणीत औषधाचा अंश सापडला. सेंद्रियचा शिक्का तीन वर्षांसाठी गेला. दादा रिपोर्ट हातात धरून पडवीत बसून राहिला. खोटं कशाला लिहू, त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

मग दादा बांधावर जाऊन चाचावर ओरडला, "तुझंच औषध वाऱ्यानं आलं!"

"वाऱ्यानं? तुझा भाऊ पंप नेऊन बसलाय माझा, त्याला विचार की!"

दादा माझ्याकडे वळला. मी म्हणालो, "न्हाई."

"ऐकलंस? माझा भाऊ खोटं बोलणार न्हाई," दादा म्हणाला आणि चाचाशी बोलणं तोडलं. त्या वाक्यानं माझ्या सुडाची चवच गेली. पंप मी कडब्याखाली दडवला. मागायला चाचा कधी आला नाही.

यंदा शिक्का परत मिळाला. दादानं नवी बाटली माझ्यासमोर ठेवली. नावं तीन होती, तिसरं माझं. नखानं ते खरवडावंसं वाटलं.

"दादा, पंप मीच आणला होता. मुद्दाम."

दादानं बाटली उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "त्या दिशी हॉटेलात बोललो त्याच्यापायी?"

"हाव."

"मंग माझं नरडं धरायचं होतंस. तीन साल त्या माणसाला सलाम केला न्हाई मी. ऊठ, पंप काढ."

बांधापर्यंत पंप माझ्या पाठीवर, दादा मागे. चाचा खाटेवर बसला होता. मी सगळं सांगितलं. त्यानं पंपाचं झाकण उघडून वास घेतला.

"अजूनबी धुतला न्हाईस," तो म्हणाला आणि हौदाकडे बोट दाखवलं. "धू. तुझ्या भावासमोर."

दादा त्याच्याशेजारी खाटेवर बसला. मी हौदाशी उकिडवा बसून पंप घासू लागलो.