वाळवंटातल्या फ्रिजसाठी तीन ब्रेकर

आमच्या लॅबमध्ये ब्रेकरचा छळ करण्याचं काम चालतं. नवे कोरे ब्रेकर आणायचे, त्यांना भाजायचं, गोठवायचं, गदागदा हलवायचं, आणि ते कधी हात टेकतात ते बघायचं. शेवटी जो रिपोर्ट जातो त्यात प्रत्येकाच्या वाट्याला एक ओळ येते: नमुना अमुक, इतक्या अंशांना ट्रिप, म्हणजे पडला. त्या ओळीसाठी आम्ही चौघं किती भांडलो, कोण कोणाशी दिवसभर बोललं नाही, हे लिहायला रिपोर्टात रकाना नसतो. ते सगळं चहाच्या टेबलावर साचत जातं. परवा मेलबर्नच्या टोकाला, क्रेगीबर्नला मैत्रिणीकडे जेवायला गेले होते, तर ती भाजी वाढेपर्यंत मी तिसऱ्या किश्श्यावर पोचले होते! तेव्हा म्हटलं, आता लिहूनच काढू.

आधी माणसं सांगते. मी सुजाता, मूळची नागपूरची, मेलबर्नला येऊन नऊ वर्षं झाली. मंदार पुण्याचा, माझ्याच वयाचा, त्यामुळे आमचं अरेतुरे. डॅरन आमचा टेक्निशियन. साठीचा आहे, आयुष्यभर मासेमारीच्या बोटींवर इलेक्ट्रिशियन होता. आणि फिओना आमची बॉस. ती दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलते आणि ती सगळी उभ्याने बोलते.

आता काम. ब्रेकर म्हणजे घराच्या बोर्डावरचं ते बटण, जे जास्त करंट गेला की खाली पडतं आणि वायर जळायच्या आत वीज तोडतं. ऑस्ट्रेलियाच्या पार मधल्या वाळवंटात एक छोटं आरोग्य केंद्र आहे. तिथले ब्रेकर उन्हाळ्यात काहीही बिघाड नसताना पडायचे. लशींचा फ्रिज बंद व्हायचा. नर्स बटण वर करायची, तासाभरात ते पुन्हा खाली. दोन वेळा तर अख्ख्या फ्रिजमधल्या लशी फेकून द्याव्या लागल्या होत्या. केंद्र चालवणाऱ्यांनी आम्हाला विचारलं, तिथे टिकेल असा ब्रेकर कुठला?

तीन जाती शर्यतीत होत्या. पहिल्या जातीत दोन धातूंची एक पट्टी असते, ती तापली की वाकते आणि बटण पाडते. दुसरीत वायरचं वेटोळं आणि त्याच्या आत तेल भरलेली बारीक नळी असते. हा चुंबकावर चालतो, बाहेर किती ऊन आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तिसरा इलेक्ट्रॉनिक, चिप करंट मोजते आणि निर्णय घेते. पहिल्याच दिवशी आम्ही एकेक दत्तक घेतला. माझे वडील जन्मभर वीज मंडळात होते, मी पट्टीवाल्यांवरच वाढले, म्हणून मी पट्टीच्या बाजूने. डॅरन तेलाच्या, मंदार चिपच्या. फिओना कोणाच्याच बाजूने नव्हती, पण कोण हरतंय याकडे तिचं बारीक लक्ष होतं.

*

पहिली परीक्षा उन्हाची. आमच्याकडे कपाटाएवढी एक भट्टी आहे, तिला काचेचं दार आहे. तिघांचे ब्रेकर आत ठेवले, तिघांवर सारखाच लोड दिला आणि तापमान वाढवायला लागलो. फिओनासकट सगळे काचेला नाक लावून उभे. वाळवंटातल्या दुपारी बंद पत्र्याच्या डब्यात जेवढं तापतं, तिथवर जायचं होतं. मी पूर्ण निर्धास्त होते.

निम्म्या वाटेवर खट्ट आवाज आला. पट्टीवाला पडला. करंट त्याच्या मर्यादेच्या आत होता, पण पट्टीला भट्टीचीच इतकी उष्णता लागली की तिला वाटलं लोडच वाढला. मी म्हणाले की हा नमुना खराब असेल. दुसरा लावला, तोही पडला. तिसरा तर त्याही आधी पडला. मी पुस्तकातलं सगळं सांगून पाहिलं: या जातीला गरम जागी मोठ्या मापाचा घ्यायचा असतो, यात तिचा दोष नाही. मग मात्र हिवाळ्यात वायर जळायला लागली तरी तो पडायचा नाही, हे फिओनाने एका वाक्यात दाखवून दिलं.

मंदार मराठीत म्हणाला, "नागपूरची असून उन्हात हरलीस?"

*

तेलवाला भट्टीत ढिम्म हलला नव्हता. डॅरन दोन दिवस शीळ घालत फिरत होता. मग मी त्याच जातीचे, एकाच खोक्यातले दहा ब्रेकर घेऊन दोन टेबलांवर तपासले आणि आकडे जुळेनात. खिडकीजवळच्या टेबलावर सगळे ठरल्या करंटला पडायचे, दाराजवळच्या टेबलावर सगळे चुकायचे. वायरी बदलल्या, मीटर बदलले, टेबलांची अदलाबदल करायचंही बोलून झालं. मला तर आतून आनंदच व्हायला लागला होता, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी फिओना आली. तिने दोन्ही टेबलांकडे पाहिलं आणि विचारलं, हे पॅनल आडवं का ठेवलंय? खिडकीजवळचं पॅनल भिंतीवर उभं होतं. दाराजवळचं मात्र वायरी जोडायला सोपं जावं म्हणून डॅरनने टेबलावर उताणं ठेवलं होतं. त्या तेलाच्या नळीत एक छोटा लोखंडी दांडा सरकतो. ब्रेकर उताणा झाला की दांड्याचं वजन भलत्या दिशेला पडतं आणि सगळं गणित बदलतं. पॅनल उभं केलं, सगळे आकडे जुळले.

आम्ही तिघं डॅरनकडे बघत राहिलो. तो शांतपणे म्हणाला, "माझ्या वयाला पोचलात की कळेल. आडवं पडल्यावर माझंही काही धड चालत नाही."

*

मंदारच्या चिपवाल्याने ऊन सोसलं, उभा ठेवा की आडवा ठेवा, त्याला फरक पडला नाही. मंदारने लॅबमध्ये चालणंच बदललं होतं. मग एका सोमवारी सकाळी बरोबर दहाला तो ब्रेकर पडला. कारण सापडेना. मंगळवारी पुन्हा दहाला. बुधवारी मंदार सकाळी सातपासून लॅपटॉप लावून त्याच्यासमोर बसला. त्याची खात्री होती की चिपच्या प्रोग्रॅममध्ये कुठेतरी घड्याळ आहे आणि ते गडबड करतंय. बनवणाऱ्यांना त्याने लांबलचक ईमेलही लिहून ठेवला.

दहाला दोन मिनिटं असताना डॅरन आला, मंदारच्या खुर्चीमागे उभा राहिला आणि दहा वाजताच कमरेचा वॉकीटॉकी काढून गोदामातल्या लोकांना म्हणाला, "स्मोको." स्मोको म्हणजे इथली चहाची सुट्टी. तो शब्द संपायच्या आत ब्रेकर खाली.

मंदारने हळूच मान वळवली. त्याने डॅरनला पुन्हा बोलायला लावलं. ब्रेकर पुन्हा पडला. मग फिओनाला बोलावलं, तिलाही बोलायला लावलं, पुन्हा पडला. वॉकीटॉकीच्या लहरींनी चिप गोंधळत होती. वाळवंटातल्या त्या केंद्रात तर रेडिओ दिवसभर चालू असतो. मंदारने तो लांबलचक ईमेल पाठवलाच, फक्त त्यातली कारणं खोडून एकच शब्द ठेवला: वॉकीटॉकी.

*

याच दिवसांतली एक गोष्ट माझ्या फजितीची आहे, पण सांगून टाकते. आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम आम्ही इथल्या एका हॉलमध्ये करतो. भाषणं झाली, जेवणं मांडली आणि स्वयंपाकघरातली वीज गेली. बोर्डाजवळ गर्दी झाली. कोणीतरी म्हणालं, सुजाता याच विषयातली आहे, तिला येऊ द्या.

मी काय सोडतेय! बोर्ड पश्चिमेच्या भिंतीवर होता, दुपारचं ऊन थेट त्यावर. मी सगळ्यांना पट्टी कशी वाकते ते हाताने करून दाखवलं. थोडं थंड होऊ द्या म्हणाले. भट्टीचा किस्सासुद्धा सांगितला. लोकांनी अगदी मन लावून ऐकलं. दहा मिनिटांनी बटण वर केलं, वीज आली, टिकलीसुद्धा. दोघातिघांनी माझं कौतुक केलं.

घरी येताना गाडीत सासूबाई म्हणाल्या, "तू बोलत होतीस ना, तेव्हा मी आत जाऊन विजेच्या चार किटल्यांतल्या दोन प्लगमधून काढून ठेवल्या. चहाला तेवढ्या पुरतात."

*

मग मी आणि डॅरन त्या केंद्रावर गेलो. दोन विमानं आणि वर पाच तास लाल मातीचा रस्ता. रोझ, तिथली नर्स, त्याच वस्तीत वाढलेली. तिने आम्हाला चहा दिला आणि मागच्या बाजूला बोर्ड दाखवायला नेलं. पश्चिमेच्या भिंतीवर पत्र्याचा डबा, आणि त्याच्यावर एक भलीमोठी समुद्रकिनाऱ्यावरची छत्री, लोखंडी खांबाला दोरीने घट्ट बांधलेली. तिथून समुद्र गाडीने दोन दिवसांवर आहे.

रोझ म्हणाली, छत्री लावल्यापासून बटण कमी वेळा पडतं. का ते तिला माहीत नव्हतं, तिने फक्त करून पाहिलं होतं. आम्ही भर दुपारी डब्याच्या आत थर्मामीटर ठेवला. एक तास छत्री उघडी, एक तास मिटलेली. डॅरनने आकडे दोनदा वाचले. आम्ही वर्षभर ज्या फरकासाठी जिवाचं रान केलं होतं, त्यातला निम्मा तर या छत्रीने एकटीने भरून काढला होता!

मी तिथूनच फिओनाला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, "छत्री कुठल्या रंगाची आहे?"

रिपोर्टात शेवटी असं गेलं: तेलवाला ब्रेकर, भिंतीवर उभाच लावावा, आणि डब्यावर कायमचं पत्र्याचं छप्पर. मी माझी पट्टी सोडून दिली. मंदारने चिपवाल्याबद्दल दोन पानं जोडली, ती फिओनाने राहू दिली.

*

नवे ब्रेकर बसले आणि पुढचा उन्हाळा आला. उन्हाची पहिली मोठी लाट आली तेव्हा आम्ही रोज त्या वस्तीचं तापमान बघत होतो, जशी लोकं क्रिकेटचा स्कोअर बघतात. रोझ रोज संध्याकाळी एका ओळीचा मेसेज करायची की आज नाही पडला. एक आठवडा गेला, दुसरा गेला. तेलवाला जिंकला हे मंदारनेसुद्धा मान्य केलं.

तिसऱ्या आठवड्यात, लाटेतल्या सगळ्यात गरम दिवशी दुपारी तिचा फोन आला. मी स्पीकर लावला. ती म्हणाली, फ्रिजचा ब्रेकर पडलाय.

डॅरन स्टुलावर बसला होता, त्याने डोळे मिटून घेतले. वर्षभराचं काम, आणि शेवटी तेच. मी रोझला विचारलं की कधी पडला. ती म्हणाली, सकाळीच. मी विचारलं, मग किती वेळा वर केलास? ती म्हणाली, एकदाही नाही.

मग तिने सांगितलं. ब्रेकर पडल्यावर तिने लशी बर्फाच्या विटा घालून एस्कीत भरल्या, म्हणजे थंड ठेवायच्या खोक्यात, आणि इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो दोन तासांनी पोचला. त्याने फ्रिजचा प्लग काढला तरी बटण वर राहीना. मग त्याने फ्रिजमागची भिंत उघडली. उंदरांनी वायरवरचं प्लास्टिक खाल्लं होतं. तांबं उघडं पडलं होतं आणि शेजारचं लाकूड हातभर काळं झालं होतं.

फिओनाने विचारलं की तू बटण वर का नाही केलंस.

रोझ म्हणाली, "मागच्या उन्हाळ्यात मी न बघता वर करायचे. दुसऱ्या हाताने काम चालू असायचं. आजही हात गेला होता. मग म्हटलं, हा तर कधीच उगाच पडत नाही."

डॅरनने विचारलं, त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे? रोझ म्हणाली की बसायची खोली. आज लशींचा दिवस होता, अकरा बाळं आणि त्यांच्या आया तिथे थांबल्या होत्या. जळका वास आला म्हणून तिने सगळ्यांना उठवून बाहेर झाडाखाली नेलं.

फिओना खुर्ची ओढून बसली. तिला लॅबमध्ये बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात मंदारला काहीतरी सुचलं. त्याने फोनजवळ येऊन विचारलं, मग त्या लशींचं काय झालं?

"दिल्या ना," रोझ म्हणाली. "तिथेच, झाडाखाली. अकराच्या अकरा रडली."