फोनला घातलेली माळ

झेंडूच्या गंधात मार्दव असे नसतेच. काहीसा उग्र, ओल्या मातीशी सलगी सांगणारा तो वास दसऱ्याच्या सकाळी दरवळला, की मला देव्हारा आठवत नाही, गंगापूर रोडवरचा माझ्या वहिनीचा एसटीडी बूथ आठवतो! काचेची चिमुकली खोली, मीटरवरचे लाल आकडे आणि काळ्या फोनवर तिने कौतुकाने घातलेली माळ. ज्यावर घर चालते त्या हत्याराची दसऱ्याला पूजा करायची, ही आपली रीत. मग फोन तरी हत्यार नव्हे काय?

आसपासच्या मळ्यांतले फूलवाले पहाटे तिथे जमत. कुणीतरी एक जण दादरच्या फुलबाजारात फोन लावी, आणि कळलेला भाव वहिनी बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवी, म्हणजे मागून येणाऱ्याला फोन करायलाच नको! असा धंदा कुणी करतो का? अंबडच्या कारखान्यातून घरी आलेला माझा भाऊ तिची थट्टा करायचा, की ही बाई स्वतःच्याच हाताने दुकानाला कुलूप लावणार. वहिनी हसून हातावरचा खडू झटकायची.

नव्वदीच्या अखेरीस मी तिला हौसेने एका व्याख्यानाला नेले. विषय होता उद्याचे तंत्रज्ञान आणि समाज. वक्ते व्यासंगी, वाणी ओघवती. ते म्हणाले, खिशाखिशात फोन येईल, बूथ नामशेष होतील आणि माणसाला माणसाच्या दाराशी जाण्याचे प्रयोजनच उरणार नाही. सभागृहाने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. वहिनीचे हात मात्र पदरात गुंतलेले होते. परतताना तिने एवढेच विचारले, "बूथ गेला तर गेला गं, पण माणसं यायची बंद होतील का?"

पुढच्या काही वर्षांत मोबाइल मळ्यामळ्यांत पोचले. तज्ज्ञांचे भाकीत अक्षरशः खरे ठरले. मीटर बंद पडले, फळा कोरा राहिला. वहिनीने तिथे शाळेचे सामान मांडले, पण काळा फोन जागचा हलवला नाही. माळेची फुले दरवर्षी मळ्यांतून आपसूक येत. बूथ बंद पडल्यानंतरच्या दसऱ्याला मात्र, आता कोण येणार असे धरून, तिने ती आदल्या संध्याकाळीच बाजारातून विकत आणली. फूलवाल्यांशी घरच्यासारखी ओळख असलेल्या त्या बाईला झेंडू विकत घ्यावा लागला!

सकाळी ती माळ ओवायला बसणार, तोच दारात झेंडूच्या पाट्या उतरू लागल्या. मळ्यांतली सगळी मंडळी आली होती, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल!

"वहिनी, आमच्या फोनची पूजा तुमच्याच हातानं व्हाया पायजे," त्यांतले थोरले म्हणाले. "ज्याला भाव आधी कळंल, त्यानं बाकीच्यास्नी फोन करायचा. तुमच्या फळ्याचीच रीत हाय ती, मोडली नाय आम्ही."

केवढा अभिमान वाटला मला तिचा! यंत्र काय काय नेईल हे तज्ज्ञांनी अचूक सांगितले होते. माणसे त्याच यंत्रातून काय पुढे नेतील, हे कुणाला सांगता आले असते? वहिनीने पाटावर सारे मोबाइल मांडले, मधोमध काळा फोन ठेवला, आणि ज्यांनी तिचा बूथ बंद पाडला त्या एकेका यंत्राला कुंकू लावले. माळ मळ्यांतल्या ताज्या फुलांची झाली. विकत आणलेला झेंडू पिशवीतच राहिला.