वाफेच्या खोलीतलं पीक

लुशामावशी दुकानातून दोनच गोष्टी आणायची, मीठ आणि साखर, आणि साखरेबद्दलही तिच्या मनात अढी होती. बाकी सगळं घरामागच्या वाफ्यांतून यायचं. बटाटे, बीट, कोबी, लसूण, आणि शेपू तर इतका की शेजाऱ्यांनी तिच्या कुंपणापाशी चालणं सोडलं होतं, कारण जुडी घेतल्याशिवाय ती कुणाला पुढे जाऊ देत नसे. कॅनडातल्या स्लोकन नदीकाठच्या आमच्या गावात कुणाचं बीट जास्त लाल यावरून वर्षभर अबोला धरणाऱ्या बायका आहेत. पण मावशीच्या वाफ्यांचा विषय निघाला की त्याही गुपचूप चहा पितात.

ती दुखोबोर, म्हणजे रशियातून इथे आलेल्या एका अहिंसक पंथातली. मांस नाही, दारू नाही, बंदूक नाही, आणि रविवारी प्रार्थनाघरात तासभर उभं राहून रशियन भजनं. मी रेनो, इटालियन खाणकामगाराचा नातू. मला मांसही चालतं, दारूही चालते, आणि माझा आवाज भजनापेक्षा भांडणाला बरा. गावातली निम्मी वायरिंग माझ्या हातची आहे. आमचं दोघांचं जमायचं कारण काहीच नव्हतं, पण जमलं. त्याचं असं झालं की माझी बायको कार्ला गेली, त्यानंतर वर्षभर दर शुक्रवारी माझ्या गाडीच्या बॉनेटवर बोर्शची बरणी ठेवलेली असायची. गरम, फडक्यात गुंडाळलेली. मावशीनं एकदाही दार वाजवलं नाही. मला कुणाशी बोलायचं नाहीये हे तिला न सांगता कळलं होतं. मी त्या वर्षी तगलो तो त्या बीटच्या सूपावर. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

मग तिचा नवरा पीट आजारी पडला. चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत काढलेला, दोन माणसांच्या वजनाचा माणूस. पोटात गाठ निघाली. औषधोपचार झाले, डॉक्टरनं वर्षभराची मुदत सांगितली. पीट गेला त्याला आता दोन वर्षं होतील, तेव्हा तो वाचला की नाही याची उत्सुकता कुणी ठेवू नये. प्रश्न वेगळाच होता. पीटनं खाणं सोडलं होतं. चमचा तोंडाशी आला की तो मान फिरवायचा, भिंतीकडे बघत राहायचा. गालाची हाडं वर आली. मावशी दिवसातून सहा वेळा काहीतरी शिजवायची आणि सहा वेळा ते कोंबड्यांना घालायची.

“मरणाला माझी हरकत नाही,” ती मला म्हणाली. “ते देवाच्या हातात आहे. पण माझ्या घरातून माणूस उपाशी जाणार नाही, रेनो. मी पाहुण्याला उपाशी पाठवलेलं नाही, नवऱ्याला पाठवू?”

डॉक्टरनंच सुचवलं की गांजानं भूक लागते का ते बघा. गांजाच्या दुकानातून एक गोळी आणली. पीटनं अर्धी खाल्ली आणि दुपारभर चुलीशी रशियन बोलत बसला. जेवला मात्र नाही. मावशीनं उरलेली अर्धी गोळी चिमटीत धरून उजेडात बघितली.

“हे कुणाच्या मातीत उगवलं? कुणाच्या हातचं आहे? मला माहीत नाही आणि मी त्याच्या पोटात घालतेय.” तिनं ती कचऱ्यात टाकली आणि माझ्याकडे वळली. “तू पूर्वी लोकांच्या तळघरात या झाडांसाठी दिवे लावून द्यायचास ना?”

“कोण म्हणतं?”

“सगळे म्हणतात. पंचवीस वर्षं म्हणतायत.”

“तेव्हा गुन्हा होता तो, मावशी.”

“आणि आता?”

“आता घरटी चार झाडं चालतात. रस्त्यावरून दिसायला नकोत, एवढंच.”

“मग लाजतोस कशाला नव्या नवरीसारखा?”

फेब्रुवारी महिना होता. अंगणात मांडीएवढा बर्फ. उन्हाळ्यात बाहेर लावून ऑक्टोबरात कापायचं म्हटलं, तर न खाता पीट तेवढे दिवस काढणार नव्हता. म्हणजे घरातच करायला हवं होतं. मी तळघर फिरून बघितलं. लोणच्यांची खोली फार थंड, धुण्याच्या खोलीत खिडकी. उरली ती बान्या, म्हणजे त्यांची वाफेची खोली. देवदाराच्या फळ्यांनी मढवलेली, जमिनीत पाणी जायला जाळी, छताला धुरांडं, भिंतीतच नळ. पीटनं ती लग्नाच्या वर्षी स्वतः बांधलेली. दर शनिवारी दोघं तिथे वाफ घेत, आणि आजारपणापासून ती बंद होती. गांजाला याहून चांगली खोली मी पंचवीस वर्षांत पाहिली नव्हती, पण हे मावशीला कसं सांगायचं ते मला कळेना. मी एकटाच पुटपुटत होतो ते पीटनंच वरून ऐकलं.

“घ्या ती,” तो म्हणाला. “रिकामी खोली बघून मलाच कसंतरी होतं.”

तीन दिवस लागले. वाफेची भट्टी आम्ही दोघांनी ढकलत बाहेर काढली. तेव्हा मावशी सत्तर पार होती आणि जोर तिचाच जास्त लागला. मी वेगळी लाइन ओढली, छताला दिवा टांगला, धुरांड्यात पंखा बसवला आणि वासासाठी कोळशाची गाळणी. फुलं लवकर धरावीत म्हणून दिवा रोज बारा तास बंद ठेवणारा टायमर लावला. उजेड परतावा म्हणून भिंतींना पांढरा रंग द्यायचा म्हटलं तर बाई दारात आडवी उभी. पीटला ती पेत्या म्हणायची.

“त्या फळ्या पेत्यानं रंधा मारलेल्या आहेत. ब्रश लावलास तर हात मोडीन.”

“तुमच्यात हिंसा चालत नाही ना?”

“रंगवून बघ.”

शेवटी तिनं ट्रंकेतून आईच्या हातच्या विणीच्या पांढऱ्या चादरी काढल्या, आणि त्या आम्ही दिव्यापासून लांब, भिंतींवर ताणून बसवल्या. एवढी इभ्रतदार गांजाची खोली कॅनडात दुसरी नसेल. चार बिया मी दिल्या, माझ्या एका मित्राकडच्या. माती तिची, खत तिच्या कोंबड्यांचं.

कोळशाची गाळणी कितीही चांगली असली तरी तो वास लपत नाही. एका गुरुवारी भजनी मंडळाच्या बाया मावशीकडे सरावाला जमल्या. सगळ्यांनी नाकं वर केली, एकमेकींकडे बघितलं आणि काही न बोलता दुसरं भजन सुरू केलं. मावशीला वाटलं आता गावभर होणार. नंतर त्यातल्या तिघींनी तिला एकेकटं गाठून विचारलं की खत कुठलं घालतेस, आमची पानं पिवळी पडतायत.

मार्चअखेर मला उत्तरेला धरणाच्या कामावर जावं लागलं, पाच आठवडे. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. मी शिडीवर होतो, तोंडात स्क्रू.

“एका झाडाला गोंडे आलेत रे. बाकी तिघांचं वेगळंच आहे, पांढरे केस आल्यासारखं.”

“गोंडेवाला नर आहे. त्याला काढ तिथून. आजच्या आज.”

“काढते.”

बस, एवढंच बोलणं. का काढायचा ते मी सांगितलं नाही. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तर मावशीला नसेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. नर राहिला की माद्यांत बी धरतं, बी धरलं की झाडाची सगळी ताकद बियांत जाते आणि औषधाचे तुरे पोचट राहतात.

मेच्या सुरुवातीला परत आलो. सामान घरी न टाकता थेट मावशीकडे गेलो. पीट खिडकीशी खुर्चीत होता, अंगावर घोंगडी, आणि घोंगडीखाली माणूस आहे हे शोधावं लागत होतं. मावशी मात्र लगबगीनं मला तळघरात घेऊन गेली, दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“बघ. आहे का तुझ्या त्या मित्रांकडे असं पीक?”

मी एक तुरा हातात घेतला. टणक लागला. चिमटीत चुरला तर तळहातावर करड्या बियांचा ढीग. दुसरा चुरला, तेच. तिसरं झाड, तेच.

“हे काय केलंस?”

“काय म्हणजे? आत ना माशी, ना भुंगा. कोण त्यांचं लग्न लावणार? दर वर्षी काचघरातल्या भोपळ्यांना करते तसं केलं. कोंबडीचं पीस घेतलं आणि नराची भुकटी एकेका फुलाला लावली. दोन दिवस लागले. एक फूल सोडलं नाही.”

“मी काढ म्हणालो होतो त्याला!”

“काढला की. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. काढ म्हणालास, मार म्हणाला नाहीस. चांगलं जिवंत झाड कोण मारतं?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, आठवतं तेवढं पुरे आहे. तीन महिने मातीत घातलेस, म्हणालो. यात आता अर्धीही ताकद नाही. भोपळे आहेत का हे? आणि मग, “आता परत लाव आणि तीन महिने थांब. आहेत पीटकाकांकडे तीन महिने?”

वर खुर्ची करकरली. लाकडी घर आहे ते, खालचं सगळं वर ऐकू जातं.

मावशीचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. मेहनतीवर उभा जन्म काढलेल्या बाईला तू तुझ्याच हातानं वाटोळं केलंस म्हटल्यावर होतो तसा. मला जीभ हासडून टाकावीशी वाटली, पण बोललेलं बोललेलं. मी बान्याच्या उंबऱ्यावर बसलो. ती माझ्या हातातल्या बिया उगाचच निवडत राहिली, आणि एक दाताखाली धरली. चावली. दुसरी चावली.

“हे तर आजीचं बी,” ती म्हणाली.

“कुठलं?”

“आजी दळायची हे. बोटीतून येताना पुरचुंडीत बांधून आणलेलं. उपासाच्या दिवसांत लोणी नसायचं, तेव्हा हे भाजून मिठाबरोबर कुटायची आणि बटाट्यावर घालायची. पेत्याच्या घरीही असायचं. बंदी आधीचीच होती, पण आम्ही शाळेत होतो तेव्हा पोलीस आले आणि सगळं उपटून टाकलं. मला झाड आठवत नव्हतं रे. चव आठवतेय.”

तिनं ओंजळभर बिया पदरात, म्हणजे एप्रनात, घेतल्या आणि वर गेली. बियांत नशा नसते, नुकसान काही नव्हतं. फायदाही मला दिसत नव्हता. मी तसाच बसून राहिलो, वर जायचं तोंड नव्हतं.

बसल्या बसल्या ऐकत होतो. तवा ठेवल्याचा आवाज. थोड्या वेळानं तडतड. मग वास आला, शेंगदाणे भाजल्यासारखा पण जरा रानटी. खलबत्ता सुरू झाला. आणि मग पीटचा आवाज, जो गेल्या कित्येक दिवसांत हो-नाहीपलीकडे गेला नव्हता.

“लुशा, हा वास कसला?”

ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. खुर्ची फरशीवरून ओढली गेली, टेबलाच्या दिशेनं. ताटली ठेवली. मग काहीच नाही, इतका वेळ की मी श्वास धरून छताकडे बघत होतो. आणि मग चमचा. ताटलीवर चमचा, पुन्हा चमचा, पुन्हा. शेवटी ताटली खरवडल्याचा आवाज.

मावशी जिना उतरून आली तेव्हा तिचे डोळे गळत होते आणि ती ते पुसतही नव्हती.

“खाल्ला,” ती म्हणाली. “अख्खा बटाटा.”

मी उठून काही बोलणार, माफी मागणार, तेवढ्यात ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिनं कपाळ जमिनीला टेकवलं. प्रार्थनाघरात ते एकमेकांना करतात तसं. सत्तरीपुढची बाई, आणि समोर मी, पाव तासापूर्वी तिच्यावर खेकसलेला.

“उठ मावशी! काय करतेस? गुडघे जातील.”

“तुला नाही करत,” ती जमिनीकडे बघतच म्हणाली. “तुझ्यात जो आहे त्याला करते.”

“माझ्यात कोण आहे ते ऐकलंस ना मघाशी?”

“तो ओरडणारा आहेच. त्याच्या मागे दुसरा आहे. बर्फात येऊन ज्यानं इथे दिवा लावला, त्याला.”

मला देवाधर्माचं काही कळत नाही. पण तिनं कपाळ टेकवलेलं असताना आपण ताठ उभं राहणं जमेना. मीही खाली बसलो आणि त्या जाळीशेजारी डोकं टेकवलं. कार्ला गेल्यापासून जे आभार मानायचे राहून गेले होते ते तिथे, त्या ओल्या फरशीला सांगितले. मावशीनं ऐकलं असावं, कारण तिनं हात पुढे करून माझ्या डोक्यावर थोपटलं. मग आम्ही उठायला गेलो, तर तिचे गुडघे उठेनात आणि माझी कंबर. भिंत कुठे, हात कुठे, दोघं एकमेकांना धरून हसतोय आणि रडतोय.

तेवढ्यात वरून हाक आली, गिरणीत यंत्राच्या पट्ट्याच्या आवाजाला वरताण मारायचा तशी.

“लुशा! अजून एक आहे का?”

त्या वर्षी तिनं बटाट्याचे दोन वाफे जास्त लावले, आणि तेही पुरले नाहीत.